बोट येईपर्यंत हलू नका

तिसऱ्या दिवशी सकाळीही खाडी बर्फानं गच्च भरलेली होती, आणि ओडेट कोमो अजून बोलतच होती.

“ओले मोजे घालून झोपू नये,” ती बाकावरून म्हणाली. “तूच सांगितलं होतंस. रात्रभर तुझ्या पायात तेच होते. मी पाहिलं.”

लीटिआ मेटुक खिडकीला नाक लावून उभी होती. खिडकी कसली, पाटाएवढी काच. बाहेर ओहोटी लागून चिखल उघडा पडला होता आणि त्यापलीकडं वाऱ्यानं आत ढकललेले बर्फाचे तुकडे एकमेकांना खेटून बसले होते, काही बोटीएवढे, काही घराएवढे. त्यातून एखादा सील वाट काढेल. बोटीचं ते काम नव्हतं.

खाडीच्या टोकाचं हे नारिंगी खोपट डोंगरातल्या सरकारी पार्कवाल्यांनी अडलेल्या माणसांसाठी बांधून ठेवलंय. आत दोन बाकं, एक फळी, एक बादली. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. छप्पर उडू नये म्हणून बाहेरून तारांनी जखडलेलं आहे, आणि वारा सुटला की त्या तारा वाजायला लागतात. तो वारा आल्या रात्रीपासून थांबलाच नव्हता. दोन बायका, एक स्टोव्ह, एक बंदूक, ओल्या लोकरीचा वास आणि डोक्याशी अखंड गुणगुणणाऱ्या तारा. लीटिआचं डोकं भणभणून गेलं होतं.

मोज्यांचं मात्र तिनंच सांगितलं होतं, त्यात खोटं काही नाही. उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या गावातून पार्कात जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी ऑफिसात लीटिआसमोर बसावं लागतं, मग तो टोरांटोचा वकील असो नाहीतर जर्मनीचा गिर्यारोहक. भिंतीवर नकाशा, समोर लीटिआ आणि तिच्या तोंडी त्याच त्या सूचना. नदी दुपारी ओलांडू नका, दिवसा हिमनदी वितळते आणि पाणी चढतं, पहाटे ओलांडा. पाण्यात उतरण्याआधी पाठीवरच्या पिशवीचा कमरपट्टा सोडा, म्हणजे पडलात तर पिशवी तुम्हाला घेऊन बुडणार नाही. अस्वलांच्या मुलखात कुणालाही एकटं सोडू नका. बंदूक पाहुण्यांसाठी नाही, तिला हात लावू नका. लागेल त्यापेक्षा चार दिवसांचं खाणं जास्त घ्या. आणि सगळ्यात शेवटची सूचना, जी ती नकाशावर बोट आपटून सांगते, बोट येईपर्यंत हलू नका. वारा असेल, बर्फ असेल, तुमचं विमान चुकेल, नोकरी जाईल, काय वाटेल ते होवो. बसून राहा. पाहुणे मान डोलावतात आणि हळूच घड्याळ बघतात.

ओडेटनं मात्र शब्द न् शब्द गिळला होता. ती नोव्हा स्कोशियाकडची, अडुसष्ट वर्षांची, अंगानं काटक आणि जिभेनं त्याहून.

“अख्खी नोकरी मी फेरीबोटीवर लाइफ जॅकेट घालून दाखवण्यात घालवली,” ती म्हणाली. “लोक बटाट्याचे काप खात बसायचे. एकानं माझ्याकडं बघितलं असेल तर शपथ. तेव्हाच ठरवलं, कुणी सूचना देत असेल तर आपण तरी ऐकायचं.”

“परवाही सांगितलंत हे.”

“आणि कालही. दुसरं आहे काय इथं करायला?”

ते खरंच होतं. ओडेट एका टोळीबरोबर डोंगरात गेली होती आणि दुसऱ्याच दिवशी तिचा गुडघा गेला. टोळीचा वाटाड्या दक्षिणेकडून आलेला, पोरगेलासा. त्यानं तिला कसंबसं या खोपटात आणून टाकलं, पार्कच्या ऑफिसात निरोप धाडला आणि बाकीच्यांसाठी परत वर गेला. याचा ओडेटला गुडघ्यापेक्षा जास्त राग होता. त्यानं नियम मोडला होता. तो कुठला नियम, हे ती लीटिआला दिवसातून अनेकदा ऐकवत होती.

तिला आणायला लीटिआ आली, आणि अडकली. चूक लीटिआचीच होती. ती कळली तेव्हा खाडी बंद झाली होती.

आमच्याकडं जाणत्या माणसाला कुणी हे कर, ते करू नको असं सांगत नाही. तो अपमान समजतात. आपण आपलं बोलावं, ज्याला कान आहेत त्यानं समजून घ्यावं. त्या सकाळी धक्क्यावर तिचा नवरा जोएव्ही बोटीला टेकून उभा होता. त्यानं समुद्राकडं बघितलं, नाक ओढलं आणि म्हणाला, “बोटीच्या मोटारीचे प्लग साफ करायचे राहिलेत. आज मला घरीच बसून तेवढं करावंसं वाटतंय.”

गावातली दुसरी कुठलीही बायको एवढं ऐकून सामान उचलून घरी गेली असती. पण लीटिआ इतके उन्हाळे पाहुण्यांना हुकूम सोडत आली होती की आता तिच्या कानांना हुकूमच ऐकू यायचे.

“प्लग उद्या कर की,” ती म्हणाली. “ती बाई तिकडं एकटी पडलीये.”

जोएव्हीनं खांदे उडवले आणि मोटार सुरू केली. तो माणूसच तसा. बोट बुडायला लागली तरी म्हणेल, पाणी आज जरा गार आहे.

खाडीच्या टोकाला बोट फक्त भरतीत लागते. एरवी लांबच लांब चिखल. जोएव्हीनं तिला उतरवलं, लीटिआ खोपटापर्यंत गेली आणि ओडेटला दोन काठ्यांवर चालवत अर्ध्या वाटेवर आणते तोवर पाणी पार निघून गेलं. थांबला असता तर बोट चिखलात रुतली असती. त्यानं लांबून हात केला, पुढच्या भरतीला येतो म्हणून, आणि गेला. पुढची भरती आली ती पूर्वेचा वारा आणि बाहेरच्या समुद्रातलं सगळं बर्फ घेऊन. असल्या वाऱ्यात हेलिकॉप्टरही उडत नाही. तेव्हा लीटिआला प्लगांचा अर्थ लागला, आणि एवढी वर्षं संसार करून नवऱ्याचं एक वाक्य आपल्याला कळू नये याची लाज वाटली.

नुसतं अडकणं असतं तर तिनं ते मुकाट्यानं सोसलं असतं. खाणं होतं. जोएव्हीनं बांधून दिलेला सुका मासा होता, ओडेटची गरम पाणी घातलं की फुगणारी पाकिटं होती, चहा होता. अडकणं आम्हाला नवीन नाही. पण गावात तिची आई होती.

उलूटीची छाती हिवाळ्यापासूनच भरलेली होती. लीटिआ निघाली त्या दिवशी म्हातारी आरोग्य केंद्रातल्या खाटेवर उठून बसून व्हेलचं कातडं चघळत होती. दात उरले नव्हते, तरी चघळत होती, आणि नर्सला स्वतःच्या कवळीच्या गोष्टी सांगून हसवत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लीटिआनं सॅटेलाइट फोन लावला तेव्हा जोएव्ही, जो सासूलाही आनाना, म्हणजे आईच म्हणतो, म्हणाला, “आनानाचे पाय गार आहेत. मी माझे मोजे घातलेत तिला.”

या वेळी लीटिआला समजावून सांगावं लागलं नाही.

“दक्षिणेच्या मोठ्या इस्पितळात न्यायला विमान?” तिनं विचारलं.

“इकडंही तोच वारा आहे,” जोएव्ही म्हणाला. आणि थोडं थांबून, “जायचंय तरी कुणाला दक्षिणेला.”

म्हणजे आईही अडकली होती, एका खाटेवर, त्याच वाऱ्यानं. दोघींच्या मध्ये एका दिवसाची पायवाट. पण त्या वाटेवर आधी नदी आडवी येते, हिमनदीच्या पोटातून निघणारी, आणि मग कड्याखालचा तो किनारा जो ओहोटीतच मोकळा होतो. कुणाही पाहुण्यानं विचारलं असतं तर लीटिआनं नकाशावर आडवी रेघ मारून सांगितलं असतं, इथून नाही. आता ती स्वतः ती रेघ मनातल्या मनात पुसत बसली होती. फोनची बॅटरीही संपत आली होती, म्हणून रोज संध्याकाळी दोन शब्द, की बंद. बाकीचा सगळा दिवस भिंती, तारा आणि ओडेट.

तिला आई हवी होती. चोपन्न वर्षांची, स्वतः आजी झालेली बाई, पण त्या खोपटात तिला दुसरं काहीही नको होतं. छातीवर कुणी गुडघा रोवून बसावं तसं झालं होतं तिला. दार उघडं होतं, कुणी कडी घातली नव्हती, आणि तरी बाहेर पडता येत नव्हतं, याचा तिला विलक्षण संताप येत होता. बाहेर पडायचं आणि परत आत यायचं. बादली ओतायला जायचं आणि नदीचा आवाज ऐकत उभं राहायचं.

“तू समुद्राकडं बघत नाहीयेस,” दुपारी ओडेट म्हणाली.

“मग?”

“नदीकडं बघतेस. बोट नदीतून येणार आहे का?”

लीटिआनं चहा ओतला.

“फेरीवर एक गोष्ट शिकले,” ओडेट म्हणाली. “ज्यांना उडी मारायची असते ते लाटांकडं बघत नाहीत. कठड्याकडं बघतात. काय सांगितलं काल तुझ्या नवऱ्यानं?”

सांगायचं नाही असं लीटिआनं ठरवलं होतं. पाहुण्यांना घरच्या गोष्टी कशाला. पण तीन दिवस एकाच बादलीवर काढल्यावर पाहुणे-घरचे असं फार काही उरत नाही.

“आई आजारी आहे.”

“किती?”

“खूप.”

ओडेट गप्प झाली. आल्यापासून पहिल्यांदाच. स्टोव्हचा आवाज ऐकू यायला लागला.

“माझ्या गुडघ्यामुळं तू इथं आहेस,” ती शेवटी म्हणाली.

आमच्या रीतीप्रमाणं नाही म्हणायला लीटिआनं नाक आक्रसलं, पण ते खोटं होतं आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. ओडेटनं मग आपल्या सामानातून चॉकलेटची वडी काढली, मोडली आणि मोठा तुकडा लीटिआपुढं सरकवला. लीटिआनं तो खाल्ला. गोड लागला नाही.

संध्याकाळी तिनं फोन लावला. खोपटाच्या आडोशाला, वाऱ्याला पाठ देऊन उभी राहिली. जोएव्ही म्हणाला, “आनाना इथंच आहे. कानाला लावतो.”

आधी नुसता श्वास आला. ओल्या फडक्यातून यावा तसा श्वास. तो ऐकल्यावर लीटिआचं ठरलं.

“आनाना, मी येते. पहाटे पाणी उतरतं. नदी ओलांडून चालत येते. उद्या संध्याकाळी तुझ्याजवळ असेन.”

श्वास चालू राहिला. मग उलूटी म्हणाली, “नाही.”

लीटिआला वाटलं, वाऱ्यात काहीतरी चुकीचं ऐकू आलं.

“तिथंच बस,” आई म्हणाली. एकेक शब्दाला दम खात होती. “नदीत पाय घालायचा नाही. हलायचं नाही. ऐकतेस का?”

या बाईनं उभ्या जन्मात लेकीला हुकूम सोडला नव्हता. लीटिआ विशीत होती तेव्हा भर वादळात बर्फावर पळणारी स्नोमोबाइल काढून निघाली होती, तेव्हासुद्धा आई दारात येऊन एवढंच म्हणाली होती, की माझ्या बुटाला भोक पडलंय, आज मला शिवत बसावं लागणार. आणि लीटिआनं स्नोमोबाइल बंद केली होती. जाणत्या लेकीशी तसंच बोलायचं असतं. आता मरणाच्या दारात, तोंडात दात नसताना, आई एखाद्या पोलिसासारखी बोलत होती. लीटिआला मुस्कटात मारल्यासारखं झालं.

“हो म्हण,” उलूटी म्हणाली.

आमच्याकडं हो म्हणायचं तर भुवया उंचावतात. लीटिआनं भुवया उंचावल्या. पण फोनवर भुवया दिसत नाहीत.

“लीटिआ, हो म्हण.”

“आनाना,” ती म्हणाली, आणि फोन हातात मेला.

तिनं तो चोळला, अंगाशी धरून ऊब दिली, बॅटरी काढून परत घातली. काही झालं नाही. ती आत आली, बाकावर आडवी झाली आणि भिंतीकडं तोंड केलं. आमच्या उन्हाळ्यात रात्र म्हणजे नुसता राखाडी उजेड. त्या उजेडात लीटिआ डोळे उघडे ठेवून पडून राहिली आणि स्वतःशी वाद घालत राहिली. मी हो म्हटलं नाही. तोंडानं म्हटलं नाही. म्हणजे मी शब्द दिलेला नाही. आई तिकडं मरतेय आणि मी इथं सूचना पाळत बसू. ज्या सूचना मीच लोकांना देते त्या माझ्यासाठी कधीपासून झाल्या. मी काय पाहुणी आहे.

पहाटे तिनं बूट चढवले. बंदूक दाराशी ओडेटच्या हाताला येईल अशी टेकवून ठेवली, काडतुसं फळीवर मांडली. निम्म्याहून जास्त खाणं तिच्यासाठी ठेवलं. ओडेट तोंड उघडं टाकून झोपली होती. लीटिआनं दार हळूच ओढून घेतलं आणि नदीची वाट धरली. बाहेर पडल्यावर छातीवरचा गुडघा निघाला. चालायला लागल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिचं तिलाच भय वाटलं.

नदी खोपटापासून फार लांब नाही. पण काठावर पोचल्यावर तिची पावलं थांबली. पाणी उतरलं नव्हतं. रात्रभर वारा उबदार होता, वर हिमनदीवर पाऊसही झाला असणार. काठाजवळ एक मोठा धोंडा आहे, पाठीवर पांढरा पट्टा असलेला. तो पट्टा दिसला तर ओलांडा, नाही दिसला तर माघारी फिरा, असं तिच्या वडलांनी तिला दाखवून ठेवलं होतं. पट्टा तर सोडाच, धोंडाच दिसत नव्हता. राखाडी पाणी होतं आणि त्याच्या तळाशी दगड एकमेकांवर आपटत वाहत होते. तो आवाज कानांआधी पायांना कळतो.

लीटिआला सगळं कळत होतं. तिच्याइतकं कुणाला कळणार. तिनं पिशवीचा कमरपट्टा सोडला, काठी घेतली, तोंड प्रवाहाकडं केलं आणि पाय घातला.

पाण्यानं घोटे धरले, मग गुडघे. गारठा हाडात गेला आणि मग पाय आहेत की नाहीत ते कळेना. एक पाऊल. काठी टेकायची, मग दुसरं. पाणी मांड्यांपर्यंत आलं तेव्हा प्रवाह तिला ढकलत नव्हता, उचलत होता. पायाखालचा दगड सरकला. ती वाकली, काठीवर सगळं अंग टाकून सावरली. अजून निम्मंही झालं नव्हतं. पलीकडचा काठ दिसत होता. तिथून पुढं कडा, कड्यापुढं गाव, गावात ती खाट. तिनं पुढचं पाऊल उचललं.

तेव्हा शिट्टी ऐकू आली.

तीनदा. मग थोडं थांबून परत तीनदा. संकटाची खूण. लीटिआनं मान वळवली. ओडेट येत होती. दोन काठ्यांवर, एक पाय ओढत, तोंडात शिट्टी, पाठीवर तिची निळी पिशवी. दर चार पावलांना ती थांबायची, शिट्टी मारायची आणि परत पाय ओढायला लागायची. अस्वलांच्या मुलखात, एकटी. काठावर येऊन ती बदकन खाली बसली आणि बुटांचे बंद आवळायला लागली.

“काय करताय तिथं?” लीटिआ पाण्यातून ओरडली.

“बूट घट्ट करतेय.”

“बंदूक कुठंय?”

“पाहुण्यांनी बंदुकीला हात लावायचा नाही,” ओडेट ओरडली. “तूच सांगितलंस.”

“परत जा.”

ओडेटनं बंद बांधले, काठ्यांच्या आधारानं उठली, आणि कमरेशी हात नेऊन पिशवीचा पट्टा सोडायला लागली.

“ते काय आता?”

“कमरपट्टा. उतरायच्या आधी सोडायचा असतो.” तिनं पट्टा सोडला. “कुणालाही एकटं सोडायचं नाही. तू जात असशील तर मी येते मागं. जाऊ नको असं मी म्हणत नाहीये, तुझी आई आहे. पण मी येते.”

आणि तिनं खरोखरच पाय पाण्यात घातला. पहिल्याच पावलाला गुडघा वाकला आणि ती एका हातावर पडली. परत उठली आणि दुसरा पाय घातला.

“बाहेर हो,” लीटिआ किंचाळली. “अगं मरशील तू.”

“असेल,” ओडेट म्हणाली, आणि अजून एक पाऊल टाकलं.

लीटिआनं पलीकडच्या काठाकडं बघितलं. तो फार लांब नव्हता. पोचली असती की नसती, हे तिला आजही सांगता यायचं नाही. पण ही बाई नक्की गेली असती, त्यात शंकाच नव्हती, आणि जाताना शिट्टी मारत गेली असती. लीटिआनं काठी उपसली आणि वळली. वळताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिनं आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

तिनं ओडेटला बखोटीला धरून बाहेर ओढलं. दोघी दगडांवर बसल्या. दोघींचे दात वाजत होते.

खोपटात परतल्यावर स्टोव्ह पेटवला, तोही ओडेटनं, कारण लीटिआच्या बोटांत काडी धरत नव्हती. ओडेटनं तिची ओली विजार दोरीवर टाकली आणि आपली सुकी तिला दिली. ती लीटिआला आखूड होत होती. बूट दाराशी उपडे ठेवले तर त्यातून पाण्याचा ओघळ वाहत बाकाखाली गेला.

“आईनं बस म्हणून सांगितलं होतं,” लीटिआ म्हणाली. “हो म्हण, म्हणाली. मी म्हटलं नाही.”

“हं.”

“कधी काही सांगत नाही ती. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं.”

ओडेटनं चहाचा कप तिच्या हातात दिला आणि बोटं कपाभोवती वळवून धरून ठेवली. मग लीटिआ रडली, आणि बराच वेळ रडली. तीन दिवसांचं सगळं त्यात होतं, आणि नदीत घातलेल्या पायांची लाज होती.

दुपारच्या सुमाराला तारा वाजायच्या थांबल्या. आधी दोघींना कळलंच नाही काय झालं, एवढंच वाटलं की कुणीतरी खोपटातून उठून बाहेर गेलं. ओहोटीबरोबर बर्फ हलायला लागलं, एकमेकांना ढोसत बाहेर निघालं, आणि परत भरती आली तेव्हा मध्ये काळ्या पाण्याची एक वाट होती. त्या वाटेनं जोएव्ही आला. बर्फाच्या तुकड्यांना लांब दांड्यानं बाजूला सारत, उभ्यानं बोट हाकत.

लीटिआनं ओडेटला काठापर्यंत नेलं. विजार वाळली म्हणून तिनं परत आपलीच घातली होती, पण बूट काही वाळले नव्हते. पाऊल टाकलं की आत पाणी बोलायचं. जोएव्ही उथळ पाण्यात उतरला आणि बोट धरून उभा राहिला. तो सरळ तिच्या तोंडाकडं बघत होता. एरवी तो असा बघत नाही.

“आनाना पहाटे गेली,” तो म्हणाला.

ते लीटिआला तो येतानाच, बोट नुसता ठिपका होती तेव्हाच, त्याच्या खांद्यांवरून कळलं होतं.

“त्रास नाही झाला,” जोएव्ही म्हणाला. “पण सारखं एकच विचारायची. बसलीये ना ती? मी म्हणायचो, बसलीये. जरा डोळा लागायचा, की परत तेच. बसलीये ना? मी परत सांगायचो. शेवटी सांगितलं तेव्हा हसली. मग गेली.” त्यानं बोटीची कड चाचपली. “फोन तर बंद होता. मला कुठं माहीत होतं.”

लीटिआला बोलायचं होतं. तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पहाटे, म्हणजे ती मांड्यांपर्यंत पाण्यात होती तेव्हा.

जोएव्हीनं तिला काही विचारलं नाही. माणसाला खोदून विचारायची आमच्यात रीत नाही, आणि बायकोला तर नाहीच. पाहुण्यांचं वेगळं, ते स्वतःच दिवसभर विचारत असतात, त्यांना विचारलं तर चालतं. तो ओडेटकडं वळला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, “ही बसली होती ना?”

ओडेटला त्यांची भाषा येत नव्हती. पण समोरच्या दोन चेहऱ्यांवरून कोण गेलंय आणि तो हे का विचारतोय ते तिला कळलं. तिनं लीटिआकडं बघितलं. ज्या बाईनं मोज्यांचासुद्धा नियम मोडलेला चालवून घेतला नव्हता, ती काठ्यांवर ताठ झाली.

“जागची हलली नाही,” ओडेट म्हणाली. “मी होते ना समोर.”

जोएव्हीची नजर खाली गेली. बुटांच्या चामड्यावरची नदीची राखाडी माती विजारीवर मांड्यांपर्यंत वाळलेल्या पाण्याच्या खुणेला जाऊन मिळत होती. बर्फातल्या खुराच्या एका ठशावरून हरीण किती थकलंय ते सांगणारा माणूस तो. त्यानं बघायचं तेवढं बघितलं. मग त्यानं हात पुढं केला.

“चला,” तो म्हणाला. “पाणी उतरायच्या आत निघू.”

आधी ओडेटला चढवलं, मग लीटिआ चढली. ती पुढच्या फळीवर बसली, हात गुडघ्यांवर ठेवून. बर्फाचे तुकडे बोटीला घासत होते. ओडेटनं तिच्या खांद्यांवर पांघरूण टाकलं, जोएव्हीनं दोनदा चहाचा थर्मास पुढं केला. तिनं घेतला नाही. आता विचारणारं कुणी उरलं नव्हतं, तरी गावचा धक्का येईपर्यंत लीटिआ जागची हलली नाही.